होळीनंतर लावलेला कूलर

माझ्या पोटात माझ्या मोठ्या बहिणीची किडनी आहे. बहिणीचे नाव वनिता. आमच्याकडे मोठ्या बहिणीला ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही तिला बाईच म्हणतो. तुझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मला आठवत बसावे लागत नाही. म्हणून आधी तिचे नाव लिहिले. आता आजाराचे लिहितो.

ज्या दुपारी माझ्या आजाराला खरे नाव मिळाले, त्या दुपारी बाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मला मात्र खाटेवर बसवत नव्हते. उठायचो, खिडकीपर्यंत जायचो, परत यायचो. संसर्गरोगाच्या डॉक्टर मॅडम आल्या तेव्हाही मी उभाच होतो.

“टीबी नाही,” त्या म्हणाल्या. “नोकार्डिया आहे.”

मी म्हणालो, “टीबी नाही म्हणजे चांगलंच ना, मॅडम?”

मॅडमनी आधी स्टूल ओढले आणि त्या बसल्या. राउंडच्या घाईत असलेले डॉक्टर बसले की समजावे, सांगायचे बरेच आहे.

नोकार्डिया हा मातीत राहणारा जीवाणू आहे. मातीतून, धुळीतून तो सगळ्यांच्या नाकातोंडात जातो. निरोगी माणसाचे शरीर त्याला तिथेच संपवते, त्यामुळे हे नाव बहुतेकांना कधी ऐकावेही लागत नाही. माझ्या शरीराला ते जमले नाही. तो फुप्फुसात गेला आणि तिथे त्याने टीबीसारखीच पोकळी केली. सूक्ष्मदर्शकाखाली तो टीबीच्या जंतूसारखाच लाल रंग धरतो, फक्त थोडा फिका. आधीची सगळी फसगत त्यामुळे झाली होती.

“आणि तुमच्यातला जरा हट्टी निघाला,” मॅडम म्हणाल्या. “नेहमीची औषधं याच्यावर चालत नाहीत.”

माझी बायको प्रणाली सांगायला बाहेर गेली. दार अर्धे उघडे होते, मला ऐकू आले.

“काय म्हणते वं डॉक्टरीन?” बाईने विचारले.

“जंतू सापडला, बाई. मातीतला आहे म्हणतात.”

“सापडला ते बरं झालं. पण मंग्याच्या आंगात आला कुठून?”

ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

मी मंगेश, उमरेडचा. वडील कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडे कामाला होते. ते गेले तेव्हा मी लहान होतो आणि बाईची दहावी व्हायची होती. तिने शाळा सोडली. लोकांच्या वावरात धानाची रोवणी केली, मिरच्या तोडल्या, आणि नंतर शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या कामाला लागली. ते काम ती अजून करते. मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. नागपूरच्या मिहानमध्ये एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरी लागली. लग्न झाले. आणि तिशी ओलांडायच्या आतच पायांवर सूज यायला लागली. दोन्ही किडन्या गेल्या होत्या.

डायलिसिस सुरू झाले. किडनी कोण देणार याची घरात चर्चा झालीच नाही. बाई म्हणाली, “माझ्याजवळ दोन आहेत नं? मंग विचार कायचा करून राहिले तुम्ही?”

ऑपरेशन चांगले झाले. त्यानंतर बाईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. “काय म्हणते आमची पोरगी? नांदून राहिली नं बरी?” पोरगी म्हणजे तिची किडनी. तिने ती मला दिली नव्हती, माझ्या घरी नांदायला पाठवली होती. मी सांगायचो, “सासरी खूश आहे, बाई.” कधी पाणी कमी प्यायलो आणि तिला कळले तर, “पोरीले उपाशी ठेवतेस काय गा? नेऊन घेईन वापस!”

ज्यांना हे नवे आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दुसऱ्याची किडनी कितीही जवळच्या माणसाची असली तरी शरीराला ती परकीच वाटते आणि शरीर तिच्यावर हल्ला करते. तो होऊ नये म्हणून रोज ठरलेल्या वेळी इम्युनोसप्रेसंट गोळ्या घ्याव्या लागतात. या गोळ्या आपली प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. माझी मुख्य गोळी टॅक्रोलिमस. तिने हात थरथरतात, चहाचा कप बशीत वाजतो. किडनी टिकते, पण बाहेरच्या जंतूंना दार उघडे राहते. मी या बाबतीत फार कडक होतो. ऑफिसात मास्क, बसमध्ये मास्क, लग्नात मास्क. ऑफिसातले जोडीदार चिडवायचे, “मंगेशभाऊ, मास्क काढ ना, चेहरा विसरलो आम्ही तुझा.” घरी आलो की मात्र मास्क खुंटीवर. घर तर स्वच्छ होते.

पहिला ताप आला तो एप्रिलमध्ये, संध्याकाळचा. मग कोरडा खोकला. उन्हातून येऊन कूलरसमोर बसल्याने घसा धरला असेल असे वाटले. कॉलनीतल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली. ताप उतरल्यासारखा वाटायचा आणि परत यायचा. रात्री घामाने उशी भिजायची. वजन उतरले. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक गाठ दिसली, मध्ये पोकळ. थुंकीच्या तपासणीत लाल रंग धरणारे जंतू दिसले. एवढे सगळे जुळल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. मला उलट बरे वाटले. टीबीचे नाव ओळखीचे आहे. आमच्या मोहल्ल्यात कितीतरी लोक तो होऊन बरे झालेले होते.

टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. ते टॅक्रोलिमस शरीरात टिकू देत नाही. हे मला माहीत नव्हते. खोकला तसाच राहिला आणि क्रिएटिनिन वाढायला लागले. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातली अशी घाण जी किडनीने बाहेर टाकायची असते. ते वाढले म्हणजे किडनी थकली.

माझे किडनीचे सर शांत माणूस. त्यांनी गोळ्यांची पाकिटे पाहिली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. “हे मला न विचारता कोणी सुरू केलं? बहिणीनं दिलेली किडनी आहे ना ही?” त्याच दिवशी मला भरती करून घेतले. टीबीची जनुकीय तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. तेव्हा सरांनी संसर्गरोगाच्या मॅडमना बोलावले.

मॅडमनी ब्रॉन्कोस्कोपी करायला लावली. म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण फुप्फुसात घालून तिथले पाणी काढणे. दुखते कमी आणि गुदमरायला जास्त होते. ते पाणी कल्चरला गेले. कल्चर म्हणजे जंतूला खाऊ घालून प्रयोगशाळेत वाढवायचे, म्हणजे तो कोण आहे ते कळते. साधे जंतू दोन-तीन दिवसांत वाढतात. त्यानंतर काही आले नाही तर तबकड्या टाकून देतात. मॅडम माझ्यासमोर प्रयोगशाळेशी फोनवर बोलल्या. “या पेशंटच्या प्लेट फेकायच्या नाहीत. काही दिसलं नाही तरी ठेवा. मला हा हळू वाढणारा वाटतो.”

ते एक वाक्य त्या बोलल्या नसत्या, तर हे लिहायला मी नसतो असे मला वाटते.

मग वाट पाहणे सुरू झाले. आजारपणात दुखण्याची तयारी मन करते, वाट पाहण्याची करत नाही. मी सारखा मोबाइलवर रिपोर्टचे पान उघडायचो. ‘प्रलंबित’ लिहिलेले असायचे. बंद करायचो, पुन्हा उघडायचो. खाटेवरून उठायचो, सलाइनचा खांब ढकलत व्हरांड्याच्या टोकाला जायचो. मे महिना. व्हरांड्याच्या खिडकीतून भाजणारी हवा यायची, तरी मी तिथे उभा राहायचो, कारण खाटेवर छातीत काहीतरी धावत सुटल्यासारखे व्हायचे.

शेजारच्या खाटेवर नागपूरजवळच्या खाप्याचे एक काका होते, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ते माझे हे चालणे बघायचे.

“अबे, बस नं खाली,” एकदा म्हणाले. “गाडी लागली नाही अजून.”

“काका, कधी लागणार?”

“मले काहून विचारतेस? मी कंडक्टर होतो, कंट्रोलर नाही.” मग आवाज उतरवून म्हणाले, “लागली की मी आवाज देतो. तू झोप.”

त्यांच्या त्या बोलण्याने मी खरोखर थोडा वेळ झोपलो. आणि ज्या दुपारी मॅडम हातात कागद घेऊन दारात दिसल्या, त्या दुपारी काकांनीच मोठ्याने आवाज दिला, “चला, उमरेडवाले!”

तो नोकार्डियाचा रिपोर्ट. सोबत सेन्सिटिव्हिटी होती. म्हणजे कोणत्या औषधाने हा जंतू मरतो आणि कोणत्याने मरत नाही याची तपासणी. औषधाच्या नावापुढे एस असेल तर औषध चालते. आर असेल तर जंतू रेझिस्टंट, म्हणजे तो त्या औषधाला जुमानत नाही. मी वरून खाली वाचत गेलो. आर. आर. पुन्हा आर. नोकार्डियावर जे औषध सगळ्यात आधी देतात त्याच्यापुढेही आर. कॉलनीतल्या डॉक्टरांनी दिलेल्या इंजेक्शनपुढेही आर.

एस होते ते शेवटच्या काही नावांपुढे, आणि त्यांत पहिले एक जुने, जोरदार इंजेक्शन. अमिकासिन. मला हायसे वाटले. पण मॅडमच्या चेहऱ्यावर तसे काही दिसले नाही.

संध्याकाळी किडनीचे सर आणि मॅडम माझ्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलत होते.

“अमिकासिन दिलं तर किडनीचं मी सांगू शकत नाही,” सर म्हणाले. “आधीच एक धक्का बसलाय तिला.”

“आणि नाही दिलं आणि हा डोक्यात चढला तर?” मॅडम म्हणाल्या.

नोकार्डियाला मेंदूत जायची खोड आहे. एमआरआय केला. मेंदूत एक लहान ठिपका दिसला.

दोन्ही बाजूंनी अडचण होती. जंतूला मारायचे तर माझी प्रतिकारशक्ती थोडी उठवावी लागणार, म्हणजे टॅक्रोलिमस कमी करावे लागणार. ते कमी केले की शरीर बाईच्या किडनीवर धावून जाणार. शेवटी मॅडम मला म्हणाल्या, “मंगेश, जीव पहिला. पण आम्ही किडनी सोडून द्यायला तयार नाही. अमिकासिन हातचं राखून ठेवू. दुसरी दोन औषधं सोबत देऊन बघू. रोज रक्त तपासू. ठिपका वाढला किंवा ताप हटला नाही, तर मात्र मी अमिकासिन देणार, तेव्हा मला थांबवायचं नाही.”

मी हो म्हणालो. इमिपेनेम सलाइनमधून आणि लिनेझोलिड सोबत, असे सुरू झाले.

त्यानंतर मॅडमनी विचारपूस केली. शेतात जाता का? नाही. बागकाम? नाही. घराजवळ बांधकाम? नाही. जनावरे? नाही. काटा टोचला, पडलात, खरचटले? नाही. मला प्रत्येक ‘नाही’ म्हणताना बरे वाटत होते. मी सगळे नियम पाळले होते.

“ताप सुरू व्हायच्या आधी घरात काही नवीन? काही बदल?”

प्रणाली सहज म्हणाली, “काही नाही मॅडम. होळी झाल्यावर कूलर लावला तेवढा.”

मॅडम लिहायच्या थांबल्या. “खस कोणती? नवीन की मागच्या वर्षीची?”

खस म्हणजे कूलरच्या ताट्यांत भरलेला वाळा. ती मागच्या वर्षीची होती. नागपुरात होळी पेटली की दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून कूलर बाहेर निघतात, हे सांगायला नको. आमचा कूलर दरवर्षी बाई लावते. मला वजन उचलू देत नाही म्हणून ती उमरेडहून पहिल्या गाडीने येते. यंदाही आली. गच्चीवर पोत्यात बांधून ठेवलेल्या खसच्या ताट्या तिने खाली आणल्या आणि अंगणाच्या भिंतीवर आपटून आपटून झाडल्या. धुळीचा लोट उठला. टाकीच्या तळाला मागच्या उन्हाळ्याचा गाळ वाळून पापुद्रा झाला होता, तो तिने उलथन्याने खरवडला. मी मदतीला उठलो तर ओरडली, “मंग्या, हात नको लावू! खुर्चीवर बस तू.” म्हणून मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, खुर्चीत बसलो. मास्क खुंटीवर होता. मग तिने पाणी सोडले, पंखा लावला आणि नाक वर करून म्हणाली, “आजूक वास देऊन राहिली पाह्य खस. काहून फेकायची?” नंतर माझा पलंग ओढून बरोबर कूलरच्या तोंडासमोर आणला. “हवा सिधी आंगावर लागली पायजे याच्या.”

हे सगळे ऐकून मॅडम म्हणाल्या, “मी इथलीच. माझी आईसुद्धा खस अशीच झाडते. आणि हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.” त्यांनी तो कागदावर लिहिला. मग म्हणाल्या, “खात्रीने सांगता येणार नाही. माती सगळीकडे आहे. पण तो कूलर आता घरात नको.”

त्या रात्री प्रणालीने आणि मी ठरवले, हे बाईला सांगायचे नाही. ती खाणेपिणे सोडेल.

आमच्या गप्प बसण्याने जे झाले ते त्याहून वाईट होते. उमरेडला कोणीतरी नातेवाईक बाईच्या तोंडावर बोलून गेले की दिलेली किडनीच नासकी निघाली. आणि प्रणालीने तिला आधीच सांगितले होते की जंतू मातीतला आहे. बाईने दोन्ही जोडले. पुढच्या वेळी ती माझ्या खाटेपासून लांब उभी राहिली.

“सांग गा मंग्या. जंतू मातीतला नं?”

“हो, बाई.”

“मंग तू तर शाळेत होता. मातीत मीच होती.” तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “माझ्यातूनच गेला तो.”

“नाही बाई, तुझ्या किडनीचा काही संबंध नाही.”

“मंग कुठून आला?”

मी चादर नीट करू लागलो. प्रणाली सलाइनच्या नळीकडे बघत राहिली. बाईने आमच्या दोघांकडे पाहिले, पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली.

त्यानंतर ती यायची, पण आत यायची नाही. डबा प्रणालीच्या हाती द्यायची आणि बाकावर बसून राहायची. मला हात लावायची नाही. फोन आला तर “जेवला काय? झोपला काय?” एवढेच. पोरगी कशी आहे, हे तिने विचारणे बंद केले.

इकडे रोज सकाळी रक्त जायचे आणि दुपारी आकडा यायचा. सगळा दिवस त्या आकड्याभोवती फिरायचा. क्रिएटिनिन आधी वाढले. मग वाढायचे थांबले. मग लिनेझोलिडने प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, इतक्या उतरल्या की ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचे. ते औषध थांबवून दुसरे दिले. एक दिवस मॅडम म्हणाल्या, “उद्याही क्रिएटिनिन वाढलेलं आलं तर सरांशी वेगळं बोलावं लागेल.” वेगळे म्हणजे काय ते मी विचारले नाही. डाव्या हाताने पोटावरचा तो उंचवटा चाचपत बसलो. नवी किडनी पोटात पुढच्या बाजूला बसवतात, त्यामुळे ती हाताला लागते. तिच्याशी काही बोलावेसे वाटत होते, पण वॉर्डात माणसे होती.

दुसऱ्या दिवशी आकडा किंचित खाली आला. किंचितच. सर दारातूनच अंगठा दाखवून गेले. खाप्याच्या काकांना त्याच दिवशी सुटी मिळाली. जाताना माझ्या खाटेशी थांबून म्हणाले, “मी उतरलो. तुझं स्टॉप येईन आता. चालत्या गाडीतून उडी नको मारू फक्त.”

त्यांचे ते बोलणे मी पुढे कितीदा आठवले. ताप गेल्यावर, खोकला गेल्यावर, घरी आल्यावर, तोंडाने घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्यावर, प्रत्येक वेळी वाटायचे की आता पुरे. मळमळ व्हायची, तोंडाला चव नसायची. पण या आजारात बरे वाटणे आणि बरे होणे यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते. औषध मध्येच सोडले तर जो जंतू उरतो तो अधिक हट्टी असतो आणि मग कागदावर आणखी एक आर लागतो.

तुमच्यापैकी कोणाचे अवयव प्रत्यारोपण झाले असेल, कोणी कॅन्सरचे औषध किंवा स्टेरॉइड घेत असेल, त्यांना मी डॉक्टर नसताना एवढेच सांगतो. ताप येऊन औषधाने उतरत नसेल तर दुकानातून दुसरे अँटिबायोटिक आणू नका. कोणतीही नवी गोळी, टीबीची असली तरी, आधी आपल्या प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारून घ्या. तपासणीत काही सापडले नाही असे म्हटले तर विचारा, हळू वाढणारा जंतू असू शकतो का? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि नागपूरकरांनो, आपल्या माणसाची प्रतिकारशक्ती कमी असेल तर कूलर झाडताना त्याला दुसऱ्या घरी पाठवा. प्रेमाने खुर्चीवर बसवू नका.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. एमआरआयमधला ठिपका आधी लहान झाला, मग दिसेनासा झाला. मी मॅडमना विचारले, “मी बरा झालो का?”

मॅडम हसल्या. “झालो म्हणायची घाई नको. आपल्या भाषेत आहे ना चांगला शब्द. होऊन राहिलो म्हणा.”

मी शाळेत असताना सरांनी हे ‘होऊन राहिलो, जाऊन राहिलो’ माझ्या निबंधांतून लाल पेनाने खोडून काढले होते. त्या दिवशी वाटले, माझ्या अवस्थेला दुसरा शब्दच नाही.

मग पुन्हा होळी जवळ आली. आणि बाईचा निरोप आला, तोही प्रणालीच्या फोनवर. “यंदा कूलरचं तुमचं तुम्हीच पाहा. मी काही येत नाही.” मी फोन लावला. किडनीचा विषय काढताच ती म्हणाली, “ठेव आता, खिचडी लागून राहिली.” तेव्हा संध्याकाळ होती. शाळा कधीच सुटली होती.

मी कॉलेजात असताना बाई सांगायची, फोनवरचे बोलणे उडून जाते, तू लिहून पाठवत जा, मी दोनदा वाचते. म्हणून लिहायला बसलो. ते पत्र असे.

बाई,

जय भीम.

शाळेतल्या मराठीत लिहायले बसलो होतो, दोन कागद फाडले. म्हणून घरच्यासारखंच लिहितो. मधात थांबू नको, पूर्ण वाच.

तू मले विचारलं होतं, जंतू कुठून आला. मी सांगतलं नाही. मले वाटलं, सांगतलं तर तू सोताले दोष देशीन. पण तू तं न सांगताच देऊन राहिली, आन् तोही चुकीचा.

पहिले किडनीचं ऐक. तुझ्या किडनीतून काहीच आलं नाही. मी मॅडमले दोनदा विचारलं. जंतू श्वासातून गेला, फुप्फुसात गेला, तिथून डोक्यात गेला. तो जिथं गेलाच नाही अशी एक जागा आहे, ती तुझी किडनी. ज्यानं तिले नासकी म्हटलं त्याले माझे सारे रिपोर्ट दाखव. प्रणालीनं झेरॉक्स करून ठेवले आहेत.

आता जे लपवलं ते सांगतो. मॅडम म्हणतात, कूलरच्या धुळीतून आला असन. खस झाडली तेव्हा, नाही तर टाकी खरवडली तेव्हा. पक्कं कोणीच सांगू शकत नाही, पण असू शकते. हे वाचून तू रडशीन, मले माहीत आहे. रड. पण हेही वाच. तो मास्क खुंटीवर होता तो माझा होता. खुर्ची होती तीही मी सरकवू शकत होतो. आन् खरं सांगू, मले तो खसचा वास आवडून राहिला होता. सारं नागपूर जे करते तेच तू केलं, फक्त माझ्या आंगावर हवा सिधी लागावी म्हणून पलंगही ओढला. त्यात पाप कुठं आहे, तू मले दाखवून दे. शाळेत पोराले ठसका लागला तर तू खिचडी शिजवायचा गंज फोडतेस काय?

कूलर भंगारवाल्यानं नेला. त्याच्यावर राग काढायचा असन तं उशीर झाला.

आता तुझ्या पोरीचं. मधात सासरी तिले लय तरास झाला. इतकी औषधं तिच्यातून गेली की मोठे मोठे डॉक्टर म्हणत, टिकते की नाही. पण माहेरचं वळण पक्कं. कोणाले काही बोलली नाही, खाली मान घालून काम करत राहिली. परवाचा रिपोर्ट पाहून किडनीचे सर मले म्हणाले, मंगेश, ही तुझ्याहून मजबूत आहे. मी म्हटलं, सर, रोवणीतली आहे ती.

मॅडम म्हणतात, बरा झालो म्हणू नका, होऊन राहिलो म्हणा. तं बाई, आम्ही दोघंही होऊन राहिलो.

रविवारी पहिली गाडी पकड. कूलर लावायचा नाही, डबाही आणू नको. नुसती ये आन् पोटावर हात ठेवून पाह्य. वर्ष होत आलं, पोरीच्या माहेरून कोणी फिरकलं नाही. सासरी बरं नाही दिसत ते.

तुझा,
मंग्या